खडकापर्यंत पोचणारी चाकं

स्वॅम्प बग्गी, म्हणजे दलदलीत चालवायची घरी बांधलेली गाडी, शोरूममध्ये मिळत नाही. फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्याला, नेपल्सच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये, एखाद्या घराच्या मागच्या अंगणात ती उभी असते. माणसाच्या छातीपर्यंत येणारी ट्रॅक्टरची चाकं, त्यांच्यावर लोखंडी मचाण, मचाणावर दोन-तीन बाकडी आणि मधोमध उघडंवाघडं इंजिन. एकीसारखी दुसरी सापडत नाही. बांधणाऱ्याच्या हाताशी त्या वर्षी जे भंगार आलं असेल, त्यावर तिचं रूप ठरतं.

आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली, आता गुडघे कुरकुरतात. मी त्यांना पहिल्या नावानेच हाक मारतो, इथली रीतच तशी. मराठीत लिहायला बसलं की मात्र अहो-जाहोच येतं. त्यांच्या थोरल्या भावाने बांधलेली बग्गी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. चेसी गंजलेली, इंजिन जाम. भाऊ गेल्यावर त्यांनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं आणि धरायला-उचलायला कोणीतरी हवं म्हणून मला विचारलं. मी पंपांच्या कामातला माणूस, कणकवलीजवळच्या गावात चिखलातच वाढलेला. शनिवारी त्यांच्या शेडमध्ये जायला लागलो.

तिथल्या जमिनीबद्दल आधी सांगायला हवं, कारण बग्गीचा प्रत्येक नट त्या जमिनीमुळे तसा आहे. दलदल म्हटलं की आपल्याला तळ नसलेला चिखल आठवतो. नेपल्सच्या पूर्वेला पसरलेल्या बिग सायप्रसच्या दलदलीला तळ आहे आणि तो दगडी आहे. दक्षिण फ्लोरिडा सगळाच चुनखडीच्या खडकावर बसलाय. त्या खडकावर कुठे बोटभर, कुठे हातभर जाडीचा मऊ राखाडी थर असतो. पाण्यातल्या शेवाळामुळे चुना खाली बसत जातो आणि हा थर तयार होतो. इथे त्याला मार्ल म्हणतात. त्याच्यावर पावसाळ्यात घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी. जमिनीला उतार म्हणावा तर मैलामागे दोनेक इंच. पाणी वाहत असतं, पण टक लावून बसलं तरी वाहताना दिसत नाही.

आता अशा जागी गाडी चालवायची कशी, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चाकं रुंद आणि मऊ ठेवा, चिखलावरून तरंगत जा. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचे जुने टायर स्वस्तात मिळायला लागले तेव्हा बऱ्याच जणांनी ते बसवले, ते याच हिशेबाने. दुसरा पंथ म्हणतो, तरंगायच्या भानगडीत पडू नका; चाक उंच ठेवा, ते चिखल कापून खाली खडकावर टेकू द्या आणि खडकावरून चाला. शेजारी या दुसऱ्या पंथातले, आणि कडवे. मला त्यांचं लगेच पटलं. आमच्याकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात, तेही चिखलाखालचा घट्ट थर शोधतच चालतं. व्हिडिओ कॉलवर बाबांना शेडमधली ती चाकं दाखवली तेव्हा ते बराच वेळ निरखत राहिले. मग म्हणाले, “चिखलच तुडवूचो होतो तर अमेरिकेक कित्याक गेलंस?”

चाकं उंच म्हणजे अ‍ॅक्सल तगडे हवेत. आमच्या बग्गीचे दोन्ही अ‍ॅक्सल अमेरिकन लष्कराच्या जुन्या अडीच टनी ट्रकचे. बग्गीवाल्यांमध्ये हे अ‍ॅक्सल फार लोकप्रिय, कारण त्यांच्या आतच 6.72 ला 1 असं गुणोत्तर आहे. म्हणजे शाफ्टचे जवळजवळ पावणेसात फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. इंजिन फोर्डचं सहा सिलिंडरचं, 300 घनइंचाचं. हे इंजिन 1965 पासून तीसेक वर्षं ट्रकमध्ये बसत होतं. फार पळत नाही, पण कमी फेऱ्यांवर ओढतं भारी.

गंमत गिअरबॉक्समध्ये आहे. एक नाही, एकामागे एक असे दोन. पहिल्याचा आउटपुट शाफ्ट दुसऱ्याच्या इनपुटला जोडायचा, त्यांच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलकडे ताकद वाटून देणारा डबा. दोन गिअरबॉक्स जोडणारी प्लेट बाजारात मिळत नाही, ती घरीच कापायची. मध्यरेषा केसभर जरी सरकली तरी बेअरिंग खात राहणार. बारीक फरक मोजणारं डायल गेज लावून, पत्र्याचे बारीक तुकडे घालून, पुन्हा काढून, पुन्हा बसवून ती मध्यरेषा जुळवण्यातच आमचे कितीतरी शनिवार गेले. या कामात शेजाऱ्यांची चिकाटी बघण्यासारखी होती. रेडिओवर जुनी कंट्री गाणी चालू, आणि हे दर पाच मिनिटांनी म्हणणार, अजून एकदा बघू या.

जुळल्यावर मी हिशेब मांडला. सगळ्यात खालच्या गिअरांची सांगड घातली तर इंजिनाच्या सुमारे 300 फेऱ्यांना चाकाची एक फेरी. इंजिन 1500 वर असेल तर चाक मिनिटाला पाच वेळा फिरणार. पाच फुटी चाकाला हा वेग मिनिटाला चोवीस मीटरच्या आसपास भरतो. रमतगमत चालणारा माणूसही पुढे निघून जाईल. इतक्या खाली उतरलेल्या गिअरमध्ये जोर मात्र भयंकर वाढतो. चाक दगडाच्या भेगेत अडकलं आणि पाय जरा जास्त दाबला गेला, तर चाक सुटायच्या ऐवजी शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो. म्हणून बग्गीत अ‍ॅक्सिलरेटरला पाय जेमतेम टेकवायचा, बूट जाड असेल तर तो काढूनच.

पुढचा-मागचा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअर, दोन्ही लॉक केले. नेहमीच्या गाडीत एक चाक मोकळं फिरायला लागलं की सगळी ताकद तिकडेच जाते आणि दुसरं चाक थंड बसून राहतं. दलदलीत असं होऊन चालत नाही. लॉक केल्यावर पक्क्या रस्त्यावर वळताना टायर किंचाळतात, पण ही गाडी पक्क्या रस्त्यावर जातेच कशाला? ती ट्रेलरवर चढून जाते.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला वाटली ती अ‍ॅक्सलच्या ब्रीदरची, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या भोकाची. चालून चालून अ‍ॅक्सल तापतो, आतली हवा फुगते. तो तसाच तापलेला पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. मग ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंगची वाट लागते. उपाय अगदी साधा: ब्रीदरच्या भोकाला रबरी नळी लावायची आणि ती वर, बाकड्याच्या पाठीपर्यंत नेऊन बांधायची. मग अ‍ॅक्सल श्वास घेतो तो वरच्या हवेतूनच. गिअरबॉक्सला तेच, ट्रान्सफर केसला तेच. आमच्या बग्गीच्या पाठीमागे अशा नळ्यांची जुडीच बांधलेली आहे.

या सगळ्याची सुरुवात नेपल्समध्येच झाली असं मानतात. 1928 साली टामियामी ट्रेल पुरा झाला, टँपा आणि मायामी जोडले गेले आणि दलदलीच्या मधोमध रस्ता आला. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिकारीला जायचं तर पायीच. 1930 च्या दशकात नेपल्सचे गॅरेजवाले एड फ्रँक यांनी जुन्या मोटारींच्या भागांमधून एक गाडी जुळवली. तिचं नाव ‘टंबल बग’. मग शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी आपापल्या बग्ग्या चिखलात घालून कोणाची चालते ते बघायची टूम निघाली आणि 1949 पासून रीतसर शर्यती सुरू झाल्या. ‘माइल ओ मड’ नावाचा पाण्याने भरलेला मातीचा ट्रॅक, त्यात ‘सिपी होल’ नावाचा कुप्रसिद्ध खड्डा, आणि जिंकणाऱ्याने शर्यतीच्या राणीला नटूनथटून आलेल्या झग्यासकट चिखलात ढकलायचं, अशी परंपरा. शर्यतीच्या आजच्या बग्ग्या म्हणजे लांबुळक्या, अरुंद चाकांच्या, रोंरावत जाणाऱ्या बाहुल्या. शेजारी त्यांना बग्गी म्हणायलाच तयार नाहीत.

गाडी तयार झाली म्हणजे निघालं असं नसतं. बिग सायप्रस हे सरकारी राखीव क्षेत्र आहे, तिथे बग्गी न्यायची तर ती तपासून घ्यावी लागते आणि परवाना काढावा लागतो. दिवे, सायलेन्सर, आणि सायलेन्सरला ठिणग्या अडवणारी जाळी. ही जाळी फार महत्त्वाची, कारण हिवाळ्यात पाणी उतरलं की हीच दलदल भडाभडा पेटते. चालवणाऱ्यालाही एक छोटा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मी तो केला. त्यातलं बहुतेक सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: खुणा केलेली वाट सोडायची नाही.

हा नियम का आला, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. 1968 साली या दलदलीच्या मधोमध जगातला सगळ्यात मोठा विमानतळ बांधायचं ठरलं होतं. एक धावपट्टी बांधून झालीसुद्धा, 10,500 फूट लांब. हा विमानतळ थांबवायला जी माणसं एकत्र आली त्यांत पक्षीप्रेमी होते, शास्त्रज्ञ होते, मार्जरी स्टोनमन डग्लस यांच्यासारख्या, ऐंशीच्या घरात आलेल्या लेखिका होत्या, आणि बंदुका घेऊन बग्गीतून फिरणारे शिकारीही होते. 1970 मध्ये काम थांबलं. 1974 साली बिग सायप्रस राखीव झालं, पण ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणून नाही. ‘प्रिझर्व’ नावाचा नवाच प्रकार त्या वर्षी निघाला. त्यात शिकार चालते, बग्गी चालते, मिकोसुकी आणि सेमिनोल या इथल्या मूळनिवासी लोकांचे जुने वहिवाटीचे हक्क चालतात. शिकाऱ्यांना त्यांच्या लढ्याचा वाटा मिळाला, असं म्हणा.

पण बग्ग्या वाढत गेल्या. जो तो वाटेल तिथून जायचा, आणि दलदलीत चाकोऱ्यांचं जाळं वीस हजार मैलांच्या वर गेलं. मग 2000 सालच्या आराखड्यात मुख्य वाटा 400 मैलांपुरत्या ठरवल्या गेल्या, परवान्यांवरही मर्यादा आली, आणि वर्षातून 60 दिवस हौशी गाड्यांना संपूर्ण बंदी. या आराखड्यावरून शेजाऱ्यांचं आणि माझं वाजतं. त्यांचं म्हणणं, विमानतळ थांबवला तो आम्ही, आणि आता आम्हालाच दोरीने बांधून ठेवलंय.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. पाऊस संपलेला, पण पाणी अजून उतरलेलं नव्हतं. टामियामी ट्रेलवरून वळून ट्रेलर लावायच्या जागेपाशी आलो तर तिथेच एक तरुण मुलगा त्याच्या चकचकीत जीपसकट रुतलेला. टायर मोठे, इंजिन जबरदस्त, आणि ते तो पुरेपूर वापरत होता. चाकं जागच्या जागी फिरत होती, मागे चिखलाचं कारंजं. फिरून फिरून चारही चाकांनी आपापली विहीर खणली आणि गाडी पोटावर बसली. पोटावर बसलेल्या गाडीची चाकं खडकाला लागली काय, न लागली काय, सारखंच. शेजाऱ्यांनी त्याला आधी इंजिन बंद करायला लावलं. मग पट्टा लावला, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये बग्गी टाकली आणि आवाज न वाढवता जीप हळूहळू बाहेर काढली. मुलाने विचारलं, या इंजिनाचे हॉर्सपॉवर किती? शेजारी म्हणाले, माहीत नाही, कधी लागलेच नाहीत.

आत गेल्यावर पहिले काही तास मी फक्त बघत बसलो. वाट म्हणजे मधूनमधून रोवलेल्या खांबांची खूण आणि पाण्याखालच्या दोन चाकोऱ्या. इंजिनाचा आवाज सोडला तर वेग जाणवतच नाही. दोन्ही बाजूंना सॉग्रासचं पातं, कडेला करवतीचे दात असलेलं. मध्ये मध्ये बुटके सायप्रस, पानं झडायला लागलेले, आणि त्यांच्यापलीकडे सायप्रसचे घुमट. हे घुमट लांबून टेकडीसारखे दिसतात, पण तिथली जमीन उंच नसून उलट खोल असते. चुनखडी विरघळून मध्ये खड्डा पडलेला असतो, मधोमध पाणी आणि गाळ जास्त, म्हणून तिथली झाडं सगळ्यात उंच वाढतात आणि कडेची बुटकी राहतात.

इथली सगळी ड्रायव्हिंग ही अशी झाडं वाचत चालते. पाण्याखालची जमीन दिसत नाही, पण वर काय उगवलंय ते दिसतं. पाइन दिसला की जमीन बाकीच्यापेक्षा उंच; उंच म्हणजे फूट-दोन फूट, पण तेवढ्यानेच पाय कोरडे राहतात. सॉग्रास विरळ आणि आखूड असेल तर खडक जवळ. आणि कर्दळीसारख्या रुंद पानांचं, उंच दांड्याचं फायर फ्लॅग दिसलं की तिकडे चाकसुद्धा वळवायचं नाही. ते खोल पाण्यातच येतं, आणि खोल पाण्यात बहुतेक वेळा मगरीच्या जातभाईचा, अ‍ॅलिगेटरचा मुक्काम असतो. इंचा-इंचाच्या फरकाने झाडं बदलतात, असं मी वाचलं होतं. बग्गीवर उंच बसल्यावर ते नकाशासारखं समोर पसरलेलं दिसतं.

दुपारनंतर चालवायला मला दिलं. स्टिअरिंग अनपेक्षित हलकं, कारण हायड्रॉलिक. शेजाऱ्यांच्या सूचना मोजक्या. गिअर पाण्यात शिरायच्या आधीच टाकायचा, आत गेल्यावर क्लचला हात... म्हणजे पाय, लावायचा नाही. चाक घसरतंय असं वाटलं की पाय दाबायचा नाही, उलट थोडा सोडायचा. रुतल्यासारखं झालं तर स्टिअरिंग पूर्ण फिरवून धरायचं नाही, नाहीतर पुढची चाकं नांगरासारखी आडवी बसतात. हे सगळं डोक्यात होतंच, पण प्रत्यक्षात शिकवलं ते बुडाखालच्या बाकड्याने. चाक मार्लमध्ये असतं तोवर बग्गी लोण्यात चालल्यासारखी मऊ जाते. खाली खडक लागला की एक बारीक थरथर बाकड्यातून पाठीच्या कण्यात चढते. ती थरथर चालू आहे तोवर सगळं ठीक. थांबली की सावध.

एका ठिकाणी डावं पुढचं चाक धप्पकन खाली गेलं आणि आम्ही दोघंही एका अंगाला कललो. खडकात विरघळून पडलेलं विवर होतं, वरून शेवाळाने झाकलेलं. अशी विवरं इथे पावलोपावली आहेत आणि कितीही झाडं वाचली तरी ती कळत नाहीत. लॉक केलेल्या डिफरन्शियलची किंमत तेव्हा कळली. उरलेल्या तीन चाकांनी खडक पकडून ठेवला आणि जराही घाई न करता बग्गी त्या खड्ड्यातून चढून बाहेर आली. दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या विंचला हात लावायची वेळ आली नाही.

पुढे एका मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि हात करून दाखवलं. सॉग्रासमधून दोन समांतर पट्टे दूरवर गेले होते, आमच्या वाटेला सोडून भलतीकडेच. पट्ट्यांमध्ये गवत नव्हतं, पाणी मात्र आजूबाजूपेक्षा खोल. ही त्यांच्या भावाची जुनी वाट. 2000 नंतर तिच्यावरून कोणी गेलेलं नाही. मार्ल एकदा दाबून बसला की पुन्हा फुगून वर येत नाही, आणि जिथे जमिनीला उतार जवळजवळ नाहीच तिथे अशी एक चाकोरीसुद्धा पाण्याला नवा नाला होऊन बसते. मी म्हटलं, बघा, म्हणूनच तो आराखडा. ते म्हणाले, एवढी वर्षं बंद ठेवूनही बुजली नाही, मग बंद ठेवून फायदा काय? मला अजूनही वाटतं त्यांचं चुकतंय. नव्या चाकोऱ्या पडल्या नाहीत हाच तर फायदा. पण त्या दोन पट्ट्यांकडे बघत असलेल्या माणसाशी मी तिथे वाद वाढवला नाही.

मुक्काम एका हार्डवुडच्या बेटावर, म्हणजे दलदलीतल्या थोड्या उंच, झाडी असलेल्या कोरड्या जागेवर, त्यांच्या ओळखीच्या कुटुंबाच्या खोपटात. 1974 च्या आधीपासूनची अशी खाजगी खोपटी आत अजून काही आहेत. जेवायला माझ्याकडचे घावणे आणि त्यांनी घरून शिजवून आणलेलं स्वॅम्प कॅबेज. हे नावालाच कॅबेज. सेबल पाम या ताडाच्या जातीच्या झाडाचा तो कोवळा गाभा. माड पडला की आमच्याकडे त्याचा गाभा खातात, चव जवळजवळ तीच, फक्त इथे त्यात डुकराचं खारवलेलं मांस घालतात. घावण्यांबरोबर बरं लागलं. डासांबद्दल काही लिहीत नाही.

परतल्यावर खरं काम. आधी बग्गी पूर्ण धुवायची, चाकांच्या खाचांतून गवताचं बी निघेपर्यंत. बाहेरून आलेली झाडं दलदलीत पसरतात ती अशीच, कोणाच्या तरी टायरमधून. मग सगळीकडचं ऑइल थोडं थोडं काढून बघायचं. दोन्ही गिअरबॉक्स स्वच्छ. मागचा अ‍ॅक्सल स्वच्छ. पुढच्या अ‍ॅक्सलचं डाव्या बाजूचं ऑइल किंचित दुधाळ निघालं, म्हणजे विवरात आपटताना सील कुठेतरी हललंय. शेजाऱ्यांनी बोटावर थेंब घेऊन उजेडात बघितला, पुसला आणि कॅलेंडरवर पुढच्या 60 दिवसांच्या बंदीच्या तारखांवर रेघ मारली. सील, दोन बेअरिंग आणि एक क्रॉस मागवलाय. क्रॉस तुटलेला नाही, पण त्यांना त्याचा आवाज आवडला नाही.